कव्हरवरचे पाच शब्द

बसा जी, चहा येऊन राहिला. तोवर माझी फजिती ऐका. पण एक अट आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कोणी खी खी केलं तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो! सारा अर्जुनी तालुका हसून मोकळा झाला आहे, त्यात तुमची काय ती भर.

मी भाऊराव लंजे. अर्जुनी मोरगावला शाळेत मराठी शिकवत होतो, आता निवृत्त. निवृत्त मास्तरची गावात काय किंमत असते, माहीत आहे काय? नसेल तर एक दिवस आमच्या फाटकापाशी येऊन उभे राहा. सकाळपासून फाटक वाजते. मी सदऱ्याच्या गुंड्या लावत लावत जातो. बाहेर शेतकरी उभा. माझाच विद्यार्थी, मीच त्याचे कान पिळलेले.

"गुरुजी, मॅडम आहेत काय?"

मॅडम म्हणजे आमची सुमन. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते. इकडे शेतोशेती सोलर पंप लागले तेव्हापासून तिची चलती आहे. पंप बंद पडला की कंपनीचा माणूस फोन उचलत नाही, सुमन उचलते. आणि मी? मी फाटक उघडतो. एकाने तर माझ्यासमोरच फोनवर सांगितलं, "मॅडम नाही घरी, त्यांचे मिस्टर आहेत फक्त."

मिस्टर! आयुष्यभर व्याकरण शिकवलं आणि शेवटी मिस्टर झालो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग एक दिवस सुमन म्हणाली, "अजी, रोज रोज तेच सांगून माझं तोंड दुखून राहिलं. एक पुस्तकच करून टाकू. आकृत्या मी काढते, काय बिघडलं तर काय करायचं ते मी सांगते. तुम्ही फक्त चांगल्या मराठीत लिहा."

तो 'फक्त' मला तेव्हाच झोंबला होता. पण म्हटलं, जाऊ दे. सुट्टीभर ती उन्हातान्हात शेतं हिंडली, पंपाचे डबे उघडून पाहिले, आकृत्या काढल्या, कच्चं लिहून दिलं. मी घरी पंख्याखाली बसून तिच्या रुक्ष वाक्यांना साज चढवला. तिने नाव दिलं होतं 'सौर पंप दुरुस्ती'. काय हे नाव! मी केलं 'सूर्यदेवाचे वरदान'.

ते मुक्त परवान्याचं खूळही सुमनचंच. आयटीआयत तिने तसली पुस्तकं पाहिली होती. म्हणजे कसं, की लेखकाने एकदा तो परवाना देऊन टाकला की ते पुस्तक कोणीही छापो, वाटो, विको, त्यात बदल करो, कोणाच्या पाया पडायची गरज नाही. बदल केला तर नाव वेगळं द्यायचं आणि परवाना तोच ठेवायचा, बस. आणि एकदा दिला की मागं घेता येत नाही.

"म्हणजे आपलं लेकरू रस्त्यावर सोडून द्यायचं?" मी म्हटलं.

"रस्त्यावर कायले? गावाले द्यायचं. ज्याले लागते तो घेईन."

मी मराठीचा माणूस, पण तो इंग्रजी परवाना डिक्शनरी मांडीवर घेऊन पूर्ण वाचला. स्वातंत्र्य, वाटप, सगळं भराभर उलटलं. आणि एका कलमापाशी माझा चष्मा थांबला. त्यात लिहिलं होतं की लेखकाला पाहिजे तर तो मुखपृष्ठासाठी एक ओळ आणि मागच्या कव्हरसाठी एक मजकूर ठरवून देऊ शकतो. मग शंभराच्या वर प्रती छापणाऱ्या कोणालाही त्या ओळी कव्हरवर ठेवाव्याच लागतात!

ठेवाव्याच लागतात! अहो, मला गहिवरून आलं. ज्या गावात नमस्कारालाही कोणी हात वर करत नाही, तिथं माझं नाव छापायची सक्ती!

पण त्या परवानेवाल्यांनी माझा स्वभाव ओळखूनच की काय, पुढे मेख मारून ठेवली होती. मुखपृष्ठावर जास्तीत जास्त पाच शब्द. मागच्या कव्हरवर पंचवीस.

पाच शब्द? आमच्याकडे बारशाच्या बॅनरवर नुसत्या शुभेच्छुकांची नावं त्याच्या वीसपट असतात! मी लिहिलं होतं, 'मा. श्री. भाऊराव सीतारामजी लंजे गुरुजी, एम. ए., बी. एड., सेवानिवृत्त मराठी अध्यापक'. मग कापत बसलो. 'मा.' गेलं. 'श्री.' एकदा खोडलं, परत लिहिलं, मग परत खोडलं. बी. एड. गेलं. बापाचं नाव गेलं, पण 'गुरुजी' नाही सोडलं मी. शेवटी उरलं, 'मूळ लेखक भाऊराव लंजे गुरुजी'. मोजून पाच.

सुमनने वाचलं. म्हणाली, "आणि माझं?"

"बसत नाही ना. पाचच शब्द. कायदा आहे."

तिने पेपरच्या कोऱ्या जागेत लिहून दाखवलं, 'भाऊराव लंजे, सुमन लंजे'. "पाहा. चारच झाले. एक शब्द तर उरूनच राहिला."

"ते घराच्या पाटीसारखं दिसते."

"मंग दिसू द्या."

"हे पाहा सुमन, लेखक म्हणजे लिहिणारा. लिहिलं कोणी?"

तिने पेपर घडी करून बाजूला ठेवला. मला थोडं कसंसं झालं, खोटं कायले सांगू? म्हणून म्हटलं, "मागच्या कव्हरवर पंचवीस शब्द आहेत, तिथं टाकतो तुझं." "हाव," म्हणाली. विश्वास ठेवला बिचारीने.

आता मागच्या कव्हरवर मी काय टाकलं ते ऐका. 'माय मराठीचे निष्ठावंत सेवक, व्यासंगी अध्यापक, ओघवत्या शैलीचे धनी, असंख्य विद्यार्थ्यांचे शिल्पकार, परखड वक्ते, निसर्गप्रेमी, साहित्यरसिक, मितभाषी, नम्र, प्रसिद्धीपराङ्मुख व्यक्तिमत्त्व. अर्जुनी मोरगाव येथे सपत्नीक वास्तव्य.'

पंचवीस पुरे! एक जास्त नाही, एक कमी नाही. आणि सुमन त्यात नाही असं कोणी म्हणू शकते काय? 'सपत्नीक'मध्ये आहे ना!

छापलेलं पुस्तक घरी आलं तेव्हा सुमनने आधी मागचं कव्हर पाहिलं. "सपत्नीक," एवढंच म्हणाली. मग पुस्तक फ्रिजवर ठेवलं आणि कुकर लावायला गेली. आत उघडूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, चला, भांडण टळलं!

टळलं कुठं? तिथंच तर माझा घात झाला. तिने पुस्तक उघडलं असतं तर पहिल्याच पानावर तिला दिसलं असतं की मी काय दिवे लावले आहेत ते.

तिने लिहून दिलं होतं, 'पॅनलचं तोंड दक्षिणेकडे ठेवावं.' आता तुम्हीच सांगा, शुभ पुस्तकाच्या पहिल्या पानावर दक्षिण? दक्षिण म्हणजे यमाची दिशा! आमच्याकडे कोणी दक्षिणेला दार काढत नाही, दक्षिणेला पाय करून झोपत नाही. आणि सूर्यदेवाचं पुस्तक, त्यात यम कशाला? मी लिहिलं, 'उगवत्या नारायणाकडे मुख करून पॅनल विराजमान करावे.' आकृतीत तिचा दक्षिणेचा बाण होता, तो पुसला आणि तिथं हसरा सूर्य काढला. मला वाटलं, शोभेचीच तर गोष्ट आहे. पॅनलला काय कळते दिशा!

बरं, पुस्तक पसरलं. असं पसरलं की काय सांगू! पीडीएफ फोनोफोनी गेली. जो तो छापून वाटू लागला. पंपाचे दुकानदार, निवडणुकीचे उमेदवार, बचत गट. परवान्यात छापणाऱ्यालाही आपली एक ओळ जोडायची मुभा आहे, मग काय विचारता! कोणी 'सौजन्य', कोणी 'भावी सरपंच', कोणी आपला गॉगल घातलेला फोटो. पण सगळ्यांच्या वर माझे पाच शब्द. मी प्रत्येक प्रत आणून कपाटात लावत होतो.

एकदा गोंदियाच्या एका प्रेसवाल्या शेठने माझी ओळ गाळली. फोटोंच्या गर्दीत जागा नव्हती म्हणे! मी परवान्याचा कागद घेऊन गाडीत बसलो आणि थेट त्याच्या टेबलावर आपटला.

"शेठ, ये नाम हटाना मना है! कानून है!"

"अरे गुरुजी, गलती हो गई, अगली बार डाल देंगे."

"अगली बार नहीं, अभी! सब कवर फिरसे छापो!"

बिचाऱ्याने सगळी कव्हरं फाडून नवी छापली. मी तिथंच स्टुलावर बसून पाहिलं. किती समाधान वाटलं म्हणून सांगू!

मग केशोरीला शेतकरी मेळावा झाला. मला शाल, नारळ! स्टेजवर खुर्ची! सुमनला बोलावणं नव्हतं, आणि मीही सुचवलं नाही. भाषणात मी ज्ञानदानावर बोललो. खाली उतरलो तर धनलाल उभा. केशोरीचाच, माझा जुना विद्यार्थी, उन्हाळी धान लावणारा.

"गुरुजी, तुमचं पुस्तक वाचून पॅनल फिरवलं जी."

"शाब्बास!"

"सकाळी पंप कसा भसाभसा पाणी मारते! पण दुपार कलली का धापा टाकते. संध्याकाळच्या पाण्याची तर आशाच नाही. धानाच्या बांधीले भेगा पडून राहिल्या. पहिले असं नव्हतं."

"फिरवलं म्हणजे?"

"कंपनीवाल्यानं दक्षिणेले लावलं होतं ना. म्या म्हटलं, चुकलं असन त्याचं. चार जणांनी मिळून नट काढले अन् पूर्वेले केलं. आमच्या अख्ख्या शिवारानं केलं जी. कव्हरवर तुमचं नाव पाह्यलं. म्हटलं, गुरुजी खोटं कायले लिहितीन?"

शाल एकदम गरम वाटायला लागली. मी म्हटलं, "ढग असतील." आकाशात औषधाला ढग नव्हता. धनलालने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सभ्य माणूस, नमस्कार करून निघाला.

त्यानंतर फोन सुरू झाले. इकडून, तिकडून, पार बिरसीच्या विमानतळाकडून. तिकडचा एक जण म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडं साऱ्या शेतातले पॅनल पूर्वेले तोंड करून बसले आहेत. इथले विमान शिकणारे पोट्टे आता त्याच्यावरूनच दिशा पाहात असतीन." सगळ्यांचं रडगाणं एकच, सकाळी पाणी, दुपारी धापा. धान सुकत चाललं होतं, आणि माझं नाव प्रत्येकाच्या घरात होतं. इतकं प्रसिद्ध मला व्हायचं नव्हतं हो!

सुमनला सांगायची हिंमत नव्हती. मी गुपचूप गोंदियाची गाडी पकडली आणि त्याच शेठकडे गेलो.

"शेठ, वो किताब बंद करो."

"क्यूँ? अच्छी चल रही है! अभी और ऑर्डर है."

"बंद करो बोला ना! मेरी किताब है."

"गुरुजी, आप ही का कागज़ है. कोई भी छाप सकता है, वापस नहीं ले सकते. आप ही ने टेबल पे पटक के समझाया था."

"अच्छा, तो कमसे कम मेरा नाम निकालो."

शेठ दोन्ही हात जोडून उठून उभा राहिला. "ना बाबा ना! एक बार निकाला था, सारे कवर फाड़ने पड़े."

"मैं लिखके देता हूँ ना!"

"मेरी कॉपी से हटा दूँगा, चलो. लेकिन बाकी जितनों ने छापा, जितनों के मोबाइल में पड़ा है, उनको कौन बोलेगा? आप?" आणि आत ओरडला, "गुरुजी के लिए चाय बोलो, तबियत ठीक नहीं है."

चहा पिऊन परत आलो. दुसरं काय करणार? घरी येऊन पाहतो तर पडवीत धनलाल बसलेला. समोर सुमन. मांडीवर 'सूर्यदेवाचे वरदान'. पहिल्यांदाच उघडलेलं.

"'उगवत्या नारायणाकडे मुख करून पॅनल विराजमान करावे'," तिने शांतपणे वाचलं. "हे विराजमान कोणाचं?"

मी चप्पल काढायला लागलो. एक निघाली, दुसरी निघेना.

"म्या दक्षिण लिहून दिलं होतं, तिकडं तोंड असलं का दिवसभर ऊन भेटते. काऊन बदललं?"

"यमाची दिशा..." मी म्हटलं.

धनलालने मान खाली घातली. सुमन म्हणाली, "यम आता धनलालच्या बांधीत येऊन उभा आहे. तुमच्या पूर्वेकडूनच आला." मग त्याच्याकडे वळली, "धनलालभाऊ, तुम्ही आधी जा अन् पॅनल दक्षिणेले करा. साऱ्यायले सांगा. बाकी मी पाहते."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं हो. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण ती जेवायला वाढून आत गेली आणि कॉम्प्युटर सुरू केला. तिचं मूळ कच्चं लिखाण तिने जपून ठेवलं होतं. माझे सगळे साज उतरवले. बाण परत आला, हसरा सूर्य मावळला. बदललेल्या पुस्तकाला वेगळं नाव लागते ना? तिने तिचंच जुनं नाव दिलं, 'सौर पंप दुरुस्ती'.

छापायला देताना मला विचारलं. म्हणजे पाहा, तेव्हाही विचारलं! "अजी, तुमची कव्हरवरची ओळ काढू काय? तुम्ही हो म्हटलं तर काढता येते. लोकं आधीच चिडून आहेत, नाव नसलं तर बरं तुमच्यासाठी."

इथं, इथं मी हो म्हणायला पाहिजे होतं! शहाणा माणूस नाक घासून हो म्हणाला असता. पण माझ्या डोक्यात काय आलं असेल? म्हटलं, आता तर पुस्तक बरोबर झालं. म्हणजे चूक धुऊन निघाली. मग आता माझं नाव काऊन काढायचं? कष्ट नको, दुरुस्ती नको, आयतं चांगलं पुस्तक आणि वर माझं नाव!

"नाही!" मी म्हटलं. "ओळ राहील. पुढचीही, मागचीही. कायदा आहे."

"बरं," ती म्हणाली. "मंग मीही माझी ओळ टाकते. मलेही पाच शब्द भेटतात."

"टाक ना! काय टाकतेस?"

"पाचच. तुमचा कायदा पाळून."

मला वाटलं, काहीतरी 'पतिदेवांच्या प्रेरणेने' वगैरे असेल. हसू नका म्हटलं ना! माणूस आशेवर जगतो.

प्रकाशन परत केशोरीला, त्याच मांडवात. या वेळी शाल सुमनला. पॅनलं फिरली होती, पाणी चालू झालं होतं, धनलालचं धान निम्मं तरी वाचलं होतं. निम्मं. तो पहिल्या रांगेत बसला होता. मी स्टेजवर कडेच्या खुर्चीत, मूळ लेखक म्हणून.

सूत्रसंचालन करणाऱ्याने पुस्तक वर धरलं आणि माईकवर कव्हर वाचायला सुरुवात केली. "सौर पंप दुरुस्ती! मूळ लेखक भाऊराव लंजे गुरुजी!" मी अर्धा उठून नमस्कार केला. हात जोडलेलेच होते आणि त्याने खालची ओळ वाचली.

"चुका यांच्या, दुरुस्ती माझी. सुमन."

 पहिला धनलाल हसला. मग जे सुटले ना लोक! म्हातारे खोकेपर्यंत हसले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मी तसाच, अर्धा उठलेला, हात जोडून. बसावं की उभं राहावं कळेना.

आणि तेव्हा मी काय केलं असेल? मोजलं! मनातल्या मनात बोटांवर मोजलं. चुका, यांच्या, दुरुस्ती, माझी, सुमन. म्हटलं, सहावा निघू दे देवा, एक सहावा शब्द निघू दे, म्हणजे ओळ बाद! नाही निघाला. आता कोणीही, कुठंही, शंभराच्या वर छापलं की माझ्या नावाखाली ती ओळ आलीच पाहिजे. परवाना मागं घेता येत नाही.

परतताना एसटीत ती खिडकीशी, मी बाजूला. नारळ माझ्या मांडीवर, तिचा. मी कव्हर परत परत वाचत होतो. चुका यांच्या, ठीक आहे, होत्या. दुरुस्ती तिची, मान्य. पण मला वेगळंच काही टोचत होतं.

शेवटी विचारलं, "सुमन, नुसतं सुमनच लिहिलंस? लंजे नाही लिहिलं?"

ती बाहेर पाहत होती. बाहेर बांध्या, आणि बांध्यांवर दक्षिणेकडे तोंड करून बसलेली पॅनलं. तिने वळूनही पाहिलं नाही.

"बसत नव्हतं ना जी," म्हणाली. "पाचच शब्द. कायदा आहे."